गेमचा कच्चा खर्डा कशात करावा?

गेम डिझाइनकडे वळू पाहणाऱ्या मुलाच्या घरात पहिला प्रश्न बहुधा असा येतो: युनिटीचा क्लास लावायचा की अनरियलचा? क्लासच्या जाहिरातींत गेम बनवण्याच्या इंजिनांची हीच दोन नावे, नोकरीच्या जाहिरातींतही हीच. मग पालक फीचा हिशेब मांडतात आणि पाठोपाठ महागड्या ग्राफिक्स कार्डाच्या लॅपटॉपचा. प्रश्न चुकीचा नाही, पण तो दोन-तीन वर्षे आधी विचारला जातो. गेम तयार होतो तो दोन टप्प्यांत, आणि या टप्प्यांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत. सुचलेली कल्पना खेळायला मजेदार आहे का, हे तपासणे हा पहिला टप्पा. त्यातून तगलेली कल्पना हजारो लोकांच्या फोनवर न अडखळता चालवणे हा दुसरा. शिकणाऱ्या मुलाचा बहुतेक वेळ पहिल्यात जायला हवा. त्यासाठी साधन निवडताना मुख्यतः एकच गोष्ट पाहावी: डोक्यातला बदल पडद्यावर खेळून पाहायला किती सेकंद लागतात.

सेकंद मोजण्याइतके काय आहे त्यात, हे साध्या उडीवरून कळते. प्लॅटफॉर्मर प्रकारच्या गेममधले पात्र एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उड्या मारत जाते. कोडमध्ये ही उडी म्हणजे तीन-चार आकडे: वर झेपावण्याचा वेग, गुरुत्वाकर्षण, खाली येताना ते किती वाढवायचे, आणि कड्याची धार सुटल्यावरही किती वेळ उडीचे बटण मान्य करायचे. या शेवटच्या सवलतीला गेम बनवणारे ‘कायोटी टाइम’ म्हणतात. ती साधारण सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी ठेवतात, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये 6 फ्रेमपुरती. सवलत नसेल तर खेळणारा ‘अरे, बटण तर दाबलं होतं!’ म्हणून वैतागतो. फार दिली तर पात्र हवेत चालल्यासारखे दिसते. आपल्या गेमला नेमका कोणता आकडा शोभेल हे पुस्तकात सापडत नाही. आकडा बदलायचा, गेम चालवायचा, उडी मारून बघायची, पुन्हा बदलायचा. अशा 50 फेऱ्या सहज होतात. दर फेरीला 2 सेकंद थांबावे लागले तर एकूण 100 सेकंद जातात, 30 सेकंद थांबावे लागले तर 25 मिनिटे. आणि खरे नुकसान त्या मिनिटांचे नाही. इतके थांबावे लागणारा मुलगा 50 फेऱ्या करतच नाही, दहाव्या फेरीलाच ‘चालेल’ म्हणून मोकळा होतो.

नावाजलेल्या गेम्सचा इतिहास याला पुष्टी देतो. ‘सेलेस्ट’ची पहिली आवृत्ती मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी 2015 मध्ये चार दिवसांत केली, तीही पिको-8 या चिमुकल्या साधनात, जिथे पडदा 128 गुणिले 128 ठिपक्यांचा आणि रंग फक्त 16. तीच कल्पना पुढे सी शार्पमध्ये नव्याने लिहून 2018 मध्ये मोठा गेम म्हणून आली. ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ फेझर या ब्राउझरसाठीच्या मोफत जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कवर उभा राहिला, 2023 मध्ये बाफ्टाचा सर्वोत्कृष्ट गेम ठरला, आणि त्याच वर्षी त्याची पीसीवरची आवृत्ती युनिटीवर नेण्यात आली. ‘बलाट्रो’ हा 2024 मधला पत्त्यांचा गेम एकट्या माणसाने लुआ भाषेत आणि लव्ह नावाच्या छोट्या मोफत फ्रेमवर्कमध्ये केला. मोठ्या कंपन्यांचेही वेगळे नाही. ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ हा विस्तीर्ण त्रिमितीय गेम, पण वस्तूंचा एकमेकींवर होणारा परिणाम आजमावायला निन्टेन्डोच्या चमूने आधी 1986 च्या जुन्या झेल्डासारखा सपाट, वरून दिसणारा नमुना केला होता. 2017 च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये तो त्यांनी दाखवलाही. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 2005 मध्ये चार विद्यार्थ्यांनी स्वतःवर नियम घालून घेतला होता: एक गेम, एक माणूस, सात दिवसांच्या आत. त्या धडाक्यातल्या ‘टॉवर ऑफ गू’मधून पुढे 2008 चा ‘वर्ल्ड ऑफ गू’ आला. या उदाहरणांत साधने वेगवेगळी आहेत. घाई मात्र सगळीकडे एकाच गोष्टीची, कल्पना हातात घेऊन खेळून पाहण्याची.

मग निवडायचे काय? सातवी-आठवीपर्यंत स्क्रॅच पुरे. एमआयटीच्या मीडिया लॅबने 2007 मध्ये आणलेले हे मोफत साधन ठोकळे जोडून चालते. त्याच्या मर्यादाही लवकर लागतात. एका वेळी 300 पेक्षा जास्त क्लोन, म्हणजे पात्राच्या प्रती, होत नाहीत, त्यामुळे गोळ्यांचा पाऊस पाडणारा गेम अडतो. तिथे मूल अडले की ते पुढच्या साधनासाठी तयार झाले असे खुशाल समजावे. नववीपासून पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांनी गोडो घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. अर्जेंटिनात जन्मलेले हे इंजिन 2014 पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. त्याला इन्स्टॉलेशनचे सोपस्कार नाहीत, फाइल उघडली की सुरू. त्याची जीडीस्क्रिप्ट भाषा शाळा-कॉलेजात शिकवल्या जाणाऱ्या पायथनसारखी दिसते, आणि एफ6 दाबले की समोरचा सीन लगेच चालू होतो. युनिटीत स्क्रिप्ट बदलली की पुन्हा कंपाइल होण्याची वाट पाहावी लागते. शिवाय तिथे नवख्यांना हमखास फसवणारी एक खोड आहे: गेम चालू असताना बदललेले आकडे गेम थांबवताच पूर्वीसारखे होतात, म्हणजे तासभर जुळवलेली उडी लिहून ठेवली नसेल तर गेली. अनरियलमध्ये ब्लूप्रिंटची, म्हणजे कोड न लिहिता ठोकळे जोडण्याची, सोय वेगवान आहे हे मान्य, पण डाउनलोडच अनेक गिगाबाइटचे आणि साध्या लॅपटॉपची त्यात दमछाक होते. ज्याला वेबची गोडी आहे त्याने फेझर घ्यावे. फाइल सेव्ह करून पान रिफ्रेश केले की बदल समोर येतो, आणि गेम ऑनलाइन चढवला की मित्र लिंक उघडून फोनवर खेळतो.

यावर पालकांचा रास्त आक्षेप असतो की नोकरी तर युनिटी-अनरियलवाल्यांनाच मिळते. भारतातल्या मोबाइल गेम स्टुडिओंत युनिटीचे वजन मोठे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा 2020 मधला गेम अनरियलवर झाला. तेव्हा ही इंजिने शिकायचीच नाहीत असे कोणी म्हणत नाही. पण त्यांतले काय टिकते ते पाहावे. गेम लूप, व्हेक्टर, टक्कर ओळखणे, पात्राच्या अवस्था बदलणे हे सगळीकडे तेच असते, आणि एका साधनात ते पक्के झालेला विद्यार्थी दुसरे इंजिन काही महिन्यांत आत्मसात करतो. उलट, केवळ मेनू पाठ केलेल्याची पंचाईत होते. पुण्यात आणि मुंबईत स्टुडिओ असलेली युबिसॉफ्ट अॅन्व्हिल, स्नोड्रॉप अशी स्वतःची इंजिने वापरते. ती कोणत्या क्लासात शिकवणार? शिवाय कंपन्यांची धोरणे बदलतात. सप्टेंबर 2023 मध्ये युनिटीने गेमच्या इन्स्टॉलवर शुल्क जाहीर केले, जगभर गदारोळ झाला, आणि वर्षभराने ते मागे घेतले. मधल्या काळात अनेक स्टुडिओंनी पर्याय शोधले. ‘स्ले द स्पायर’च्या दुसऱ्या भागासाठी मेगा क्रिटने गोडो निवडले ते याच सुमारास. म्हणून सी शार्पसह युनिटी किंवा सी प्लस प्लससह अनरियल पदवीच्या तिसऱ्या वर्षी, एखादी कल्पना पूर्ण तडीस नेताना शिकावे. तोवर आपल्याला कोणत्या प्रकारचे काम आवडते हेही मुलाला उमगलेले असते.

घाईघाईत कोड लिहायची सवय लागली तर पुढे वळण बिघडेल, अशी शंका अभियांत्रिकीचे प्राध्यापक काढतात. ती अर्धी खरी आहे. प्रोटोटाइपचा, म्हणजे कच्च्या खर्ड्याचा, कोड टाकून द्यायचा असतो हे विसरून त्यावरच इमले चढवले तर तो कोसळतोच. उपाय म्हणजे सेलेस्टच्या मंडळींनी केले ते: कल्पना पटली की नवे पान घेऊन नीट लिहायचे. हे दोनदा लिहिणेच खरे शिक्षण देते, कारण दुसऱ्या वेळी काय करायचे ते ठाऊक असते आणि फक्त कसे करायचे त्यावर डोके लावता येते. दुसरी शंका आजची आहे: कोड एआयच लिहून देणार असेल तर साधनाचा खल कशाला? लिहिण्याचा वेळ कमी झाला तर चालवून पाहण्याचा वेळ उलट अधिक डोळ्यांत येतो. उडी हाताला बरी वाटते का, हे तर एआयला बोटे नसल्यामुळे मुलालाच ठरवावे लागणार. गोडोचे सीन, लुआ किंवा जावास्क्रिप्टच्या फाइल साध्या मजकुरात असतात, म्हणून एआयने काय बदलले ते ओळीओळीने वाचता येते. अनरियलच्या ब्लूप्रिंट फाइल तशा वाचता येत नाहीत.

राहिला पैशांचा आणि भवितव्याचा प्रश्न. भारतात 2025 च्या कायद्याने बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, गेम बनवण्यावर नव्हे. हा फरक घरातल्या मोठ्यांनी समजून घ्यावा. मात्र 2023 आणि 2024 मध्ये जगभरच्या गेम कंपन्यांत मोठी नोकरकपात झाली, हेही मुलांपासून लपवू नये. त्यामुळे बीसीए, बीएस्सी, बीटेक किंवा डिझाइनची पदवी सोडून यात उडी घेण्याचे कारण नाही. हे काम पदवीसोबत होते आणि घरातल्या साध्या लॅपटॉपवर होते. महागडे ग्राफिक्स कार्ड अनरियलच्या वेळी बघता येईल. क्लासची फी भरण्याआधी मुलाला सहा महिने द्यावेत, दर महिन्याला एक छोटा, पुरा झालेला, घराबाहेरच्या कोणीतरी खेळलेला गेम एवढीच अट घालून. गेम इच.आयओ या संकेतस्थळावर मोफत ठेवता येतात. मुलाखत घेणारा तिथेच ब्राउझरमध्ये उघडून खेळतो. जानेवारीच्या अखेरीस ग्लोबल गेम जॅम असतो, 2009 पासून दरवर्षी. विषय ऐन वेळी कळतो, गेम 48 तासांत उभा करायचा असतो आणि गट तिथेच जमतो. जुलैत पहिला गेम सुरू केलेल्या मुलाच्या गाठीशी तोवर सहा गेम झालेले असतील, आणि क्लास लावायचा का, कोणता, हे फेब्रुवारीत त्यालाच विचारता येईल.