गेटबंदीनंतर बारा वर्षांनी कागद शोधताना

कामावरून काढलेल्या माणसाच्या नोकरीची नोंद चार ठिकाणी झालेली असू शकते. कारखान्याच्या हजेरीपटात आणि पगारपत्रकात, भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात, कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) लागू असेल तिथे तिच्या कार्यालयात, आणि कधी तक्रार केली असेल तर सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या दप्तरी. यांपैकी पहिली जागा तेवढी मालकाच्या ताब्यात असते. बाकीच्या तिन्ही ठिकाणी त्याची मर्जी चालत नाही. तरीही कामगार वर्षानुवर्षे पहिल्याच दाराशी खेटे घालतो. प्रस्तुत लेखकाने वर्धा जिल्ह्यातल्या एका सरकी तेलाच्या कारखान्याच्या दाराशी अशी बारा वर्षे घालवली. त्या बारा वर्षांत जे हातचे गेले ते परत मिळालेले नाही.

हा लेखक ऑक्टोबर १९९६ मध्ये एक्स्पेलरवर मदतनीस म्हणून लागला. १२ नोव्हेंबर २००७ रोजी, भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी, तो पहिल्या पाळीला गेला तेव्हा टाइम ऑफिसच्या फळीवर त्याचे हजेरी कार्ड नव्हते. टाइम कीपर एवढेच म्हणाला, "भाऊ, कार्ड साहेबायनं काढून ठेवलं. आठ दिवसांनी या." नोटीस नाही, चौकशी नाही, आरोपही नाही. आठ दिवसांनी पुन्हा आठ दिवस सांगितले गेले. पुढे सीझन संपू द्या, मग नवे मॅनेजर येऊ द्या. अनुभवाचा दाखला मागितला की "तयार करून ठेवतो" हे उत्तर ठरलेले. उत्तर गोडच मिळत असल्याने भांडण झाले असे कधी वाटलेच नाही. मालकाच्या बाजूने याहून सोयीचे काही नसते, कारण तोंडी आश्वासनांनी कायद्याची मुदत थांबत नाही.

मुदतींचा हिशेब असा. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्धच्या १९७१ च्या कायद्याखाली तक्रार ९० दिवसांत करायची असते. उशीर झाल्यास सबळ कारण देऊन तो माफ करून घ्यावा लागतो. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये २०१० साली झालेल्या दुरुस्तीने समेट अधिकाऱ्याकडे अर्ज केल्यावर ४५ दिवसांनी थेट कामगार न्यायालयात जाण्याची वाट मिळाली, पण काढल्याच्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मुदत दोन वर्षांवर आणली. हिंगणघाट किंवा पुलगावच्या कापडगिरण्यांत काम केलेल्यांना १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा लागू होत आला असून त्याची वाट आणि मुदत वेगळी आहे. म्हणून आपल्या उद्योगाला कोणता कायदा लागू आहे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घ्यावे. चुकीच्या दाराशी गेलेला वेळ कोणी भरून देत नाही.

उशिराबाबत सर्वोच्च न्यायालयाचे निकाल दोन्ही अंगांनी आहेत. अजायबसिंग प्रकरणात (१९९९) न्यायालयाने सांगितले की १९४७ च्या कायद्याला मुदत कायदा लागू नाही आणि केवळ उशिरामुळे कामगाराला परत पाठवता येत नाही. मात्र उशीर पाहून भरपाई कमी करता येते. पुढच्याच वर्षी नेडुंगडी बँक प्रकरणात सात वर्षांनी उकरून काढलेला वाद शिळा ठरला. २०१५ च्या प्रभाकर प्रकरणाने वाद 'जिवंत' असला पाहिजे हे ठसवले. मधल्या काळात एखादे पत्र, अर्ज किंवा पोचपावती असेल तर वाद जिवंत राहतो. या लेखकाकडे बारा वर्षांत तसा एकही कागद नव्हता. पुन्हा कामावर घेण्याची त्याची मागणी तिथेच संपली, आणि ती योग्य असूनही संपली, हे आजही बोचते.

शोध सुरू झाला २०१९ मध्ये, पेन्शनच्या निमित्ताने. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मध्ये मासिक पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते, आणि पूर्ण पेन्शन वयाच्या ५८ व्या वर्षापासून मिळते. लेखकाने अकरा वर्षे काम केले होते, त्यामुळे पात्रतेबद्दल त्याला शंका नव्हती. खात्री करून घेण्यासाठी त्याने भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयाकडे माहिती अधिकारात स्वतःच्या खात्याचे ३-अ नमुने आणि नमुना १० ची प्रत मागितली. ३-अ मध्ये सभासदाची वर्षभराची वर्गणी महिनावार असते. नमुना १० म्हणजे नोकरी सोडून गेलेल्या सभासदांची मालकाने पाठवलेली यादी, आणि तिच्यात सोडण्याचे कारण लिहायचा रकाना असतो.

एका दुपारी लिफाफा आला. पहिली वर्गणी एप्रिल १९९९ ची होती. त्याआधीची अडीच वर्षे कोणत्याच कागदावर नव्हती. त्या काळात पगारातून पैसे कापले गेले नव्हते आणि 'बदलीवाल्यांचे कापत नाहीत' असे सांगण्यात आले होते. ते खोटे होते. योजना लागू असलेल्या कारखान्यात बदली कामगारही सभासद असतो. नमुना १० वर नाव सातव्या ओळीत होते. सोडल्याची तारीख ३१ ऑक्टोबर २००७. कारणाच्या रकान्यात, दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात, लिहिले होते: राजीनामा.

त्या माणसाने राजीनामा दिलेला नव्हता. ३१ ऑक्टोबरनंतरही त्याने दिवाळीपर्यंत पाळ्या केल्या होत्या. टाइम ऑफिसच्या बाकावर बसून तो दाखल्याची वाट पाहत होता, तेव्हा त्याच इमारतीतून त्याच्या नावाचा राजीनामा केव्हाच सरकारी कार्यालयात पोचलेला होता. ज्यांना हे ठाऊक होते त्यांनीच त्याला पाण्याचा पेला देऊन 'पुढच्या आठवड्यात या' म्हटले होते. नोकरी गेली त्यापेक्षा हे वागणे जास्त लागते. माणसाला ताटकळत ठेवणाऱ्यांना त्याची मुदत सरत असल्याचे पक्के माहीत होते.

राजीनाम्याऐवजी पुष्कळदा 'स्वतःहून येणे बंद केले' असे म्हटले जाते. तेही आपोआप सिद्ध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. यादव प्रकरणात (१९९३) चौकशी आणि म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय गैरहजेरीवरून नोकरी संपवणे अमान्य केले आहे, आणि १९८२ च्या रॉबर्ट डिसूझा प्रकरणात हजेरीपटावरून नाव खोडणे ही कामगारकपातच ठरली. वर्षाला २४० दिवस भरलेल्या कामगाराची कपात करायची तर महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो. पण २४० दिवस भरल्याचे दाखवण्याचा पहिला भार कामगारावर असतो. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर भागत नाही, हे हदीमनी प्रकरणात (२००२) स्पष्ट झाले. यावर उपाय म्हणजे मालकाने हजेरीपट आणि पगारपत्रक हजर करावे असा लेखी अर्ज देणे. ते दडवून ठेवले तर न्यायालय त्यावरून मालकाविरुद्ध निष्कर्ष काढू शकते. हा अर्ज पहिल्या तारखांनाच द्यावा. वकील विसरले तर आठवण करावी.

वकिलाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. वर्ध्याला जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. लेखकाला हे फी भरून झाल्यावर कळले.

माहिती अधिकाराच्या अर्जात दोन चुका हमखास होतात. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय ही केंद्राची कार्यालये आहेत. त्यांच्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप चालत नाही, भारतीय पोस्टल ऑर्डर लावावी. स्टँप चालतो तो राज्याच्या कार्यालयांत, म्हणजे सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे. मात्र तिथे जोडपत्र 'अ' मधला मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. सगळी कैफियत त्यात लिहू नये. खाते क्रमांक, वर्षे आणि हव्या असलेल्या नमुन्यांची नावे पुरतात. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करावे.

मालकाला पत्र द्यायचे तर पोचपावतीसह पोस्टाने द्यावे. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, तेव्हा खिडकीवर पोचपावती वेगळी मागावी. 'घेण्यास नकार' असा शेरा येऊन पाकीट परत आले तर ते फोडू नये. बंद पाकीट हाच पुरावा असतो. कोऱ्या व्हाउचरवर किंवा 'पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला' या ओळीखाली पैसे हातात पडल्याशिवाय सही करू नये. कागद जपून ठेवावेत हे सगळेच सांगतात. नेमके कोणते, ते सांगायला हवे: पगाराची चिठ्ठी, बोनसची पावती, ईएसआयचे कार्ड, दवाखान्याचा केसपेपर.

लेखकाचे प्रकरण तरले ते शेवटच्या दोन कागदांवर. आईच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली, ईएसआयचे तात्पुरते ओळखपत्र सापडले. घडीवर ते फाटले होते, पण नेमणुकीची तारीख वाचता येत होती: ऑक्टोबर १९९६. त्याच पेटीत बोटाला मार लागला तेव्हाचा ८ नोव्हेंबर २००७ चा केसपेपर होता, म्हणजे कागदोपत्री 'राजीनामा' दिल्यानंतर आठ दिवसांनी हा कामगार कारखान्याचा कामगार म्हणून उपचार घेत होता.

नोकरी परत मिळण्याची वाट बंद झाली तरी ग्रॅच्युइटीची उघडी असू शकते, आणि बहुतेकांना हेच माहीत नसते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या उपदान प्रदान अधिनियम, १९७२ प्रमाणे पाच वर्षे सलग नोकरी झालेल्याला ती मिळते. राजीनामा असो वा काढून टाकणे, हक्क तोच. गैरवर्तनासाठी ती रोखायची तर कायद्यात सांगितलेली ठराविक कारणे असावी लागतात. अर्ज उशिरा केला एवढ्यावरून मागणी बाद होत नाही. उलट कामगाराने अर्ज केलेला नसला तरी रक्कम ठरवून कळवणे ही मालकाचीच जबाबदारी आहे. मालकाने दिली नाही तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे जावे. तिथली मुदत ९० दिवसांची, पण उशीर माफ होऊ शकतो.

लेखकाच्या प्रकरणात शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ३,९०० रुपये होता. १५ ने गुणून २६ ने भागले की २,२५० येतात. अकरा वर्षांचे झाले २४,७५०. प्राधिकाऱ्यापुढे मालकाने आठच वर्षे धरा म्हटले, पण ओळखपत्रापुढे ते टिकले नाही. उशिरावर वर्षाला १० टक्के सरळ व्याज मिळते. तेरा वर्षांचे व्याज ३२,१७५ रुपये झाले आणि एकूण आकडा ५६,९२५ वर गेला. व्याज मागितलेच नाही तर ते सोडून दिले जाण्याची भीती असते, म्हणून अर्जात ते वेगळ्या ओळीत लिहावे.

पेन्शनसाठी १९९६ ते १९९९ ची वर्गणी मालकाकडून भरून घेणे उरते. त्यासाठी १९५२ च्या कायद्याच्या कलम ७-अ खाली चौकशी मागता येते. नाव किंवा जन्मतारखेतल्या चुकीच्या दुरुस्तीला एरवी मालकाच्या सहीचे संयुक्त घोषणापत्र लागते. मालक सही देत नसेल तर तसे लेखी कळवून पर्यायी पुरावे द्यावेत. दर महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास जिल्ह्यात 'निधी आपके निकट' हा मेळावा भरतो, तिथे अर्ज समक्ष देऊन शिक्का घ्यावा.

राहिला अनुभवाचा दाखला. आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे कायम कामगाराला नोकरी संपताना सेवा प्रमाणपत्राचा हक्क आहे, मग ती कशीही संपो. या लेखकाला तो दाखला आजतागायत दिलेला नाही. ग्रॅच्युइटीच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात मात्र रुजू होण्याची तारीख, हुद्दा, शेवटचा पगार आणि सेवेचा काळ नोंदला गेला आहे. त्या आदेशाच्या प्रमाणित प्रतीवर कोणत्याही मालकाची सही लागत नाही. अशा प्रती एकाच वेळी तीन काढून घ्याव्यात, एक पेन्शनच्या अर्जाला, एक कलम ७-अ च्या चौकशीला आणि एक घरच्या पेटीत.