मदतीसाठी सायकल काढताय? आधी बैठक जमवा

बाबा आमटे यांच्या ‘भारत जोडो’ यात्रेसाठी डिसेंबर १९८५मध्ये कन्याकुमारीहून ११६ तरुण सायकलींवर निघाले. सगळे पस्तिशीच्या आतले, त्यांत १६ मुली. पाच हजारांहून जास्त किलोमीटर तुडवत ते थेट जम्मू-काश्मीरपर्यंत गेले. तसंच हिंगोली जिल्ह्यातल्या साखरा गावाच्या आसपासच्या एखाद्या गटाने शाळेसाठी किंवा कुणाच्या उपचारासाठी निधी गोळा करत हिंगोली, पुसद, यवतमाळ, वणी असं बाबांनीच वसवलेल्या वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत जायचं ठरवलं, तर डॉक्टर म्हणून मला आनंदच होईल. मात्र तयारीला किमान दोन महिने द्या.

आपल्याकडची पोरं हळद काढतात, पोती उचलतात. त्यांना वाटतं, सायकल म्हणजे काय मोठं! कष्टाचं अंग असतं हे खरं, पण पाच-सहा तास सीटवर बसायची सवय नसते. पाय दमायच्या आधी बूड सोलवटतं, मनगटं बधिर होतात, गुडघा धरतो. म्हणून आठवड्यातून तीन-चार दिवस सायकल चालवा आणि अंतर दर आठवड्याला साधारण दहा टक्क्यांनीच वाढवा. शेवटच्या पंधरवड्यात लागोपाठ दोन दिवस लांब पल्ला मारून पाहा. दुसऱ्या दिवशी सीटवर बसवतं का, यावरच तुमची तयारी कळते.

गुडघेदुखीचं मूळ बहुतेकदा सीटच्या उंचीत असतं. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली नेलं की पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. पाय जास्त वाकत असेल तर सीट वर घ्या. जाड शिवणीची पँट घालू नका. पॅड असलेली सायकलिंगची चड्डी थेट अंगावर घाला, आत दुसरं काही नको. मुक्कामाला पोहोचताच ती बदला, धुवा आणि कडक वाळवा. ओल्या कपड्यांनीच गळवं होतात.

मुलींना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. निघण्याआधी महिनाभर तरी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. जिना चढताना धाप लागते, ते ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका. रक्त कमी असेल तर गोळ्यांचा गुण यायला आठवडे लागतात. व्यायाम करताना छातीत दुखलं असेल, चक्कर येऊन पडला असाल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर मुलगा असो की मुलगी, ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नका.

पहाटे निघा, ऊन चढायच्या आत थांबा. दर तासाला काहीतरी पोटात जाऊ द्या. केळी, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची चिक्की पुरे. तहानेप्रमाणे घोट घोट पाणी प्या. घाम खूप जात असेल तर नुसतं पाणी ढोसून चालत नाही, रक्तातलं मीठ घटतं. ओआरएसची पुडी सोबत ठेवा. ती संपली तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय.

अंग दुखतं म्हणून मेडिकलमधून गोळी घेऊन पुढे दामटणं मात्र धोक्याचं आहे. शरीरात पाणी कमी असताना डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. आणि उन्हात कुणी असंबद्ध बोलू लागला किंवा झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला सावलीत आडवा करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ला फोन लावा.

गटासोबत एक गाडी हवीच. देणगी दिलेल्यांना काय वाटेल म्हणून दमलेली मुलं गाडीत बसायला लाजतात. बाबा आमटे स्वतः मणक्याच्या दुखण्यामुळे त्या यात्रेत वाहनातूनच गेले होते. तेव्हा निघण्याआधीच गटातल्या एकाला हा अधिकार द्या: त्याने ‘उतर’ म्हटलं की वाद न घालता सायकलवरून उतरायचं.