समुद्रकांठीं तंबू ठोकतांना

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत वाढलेल्या आमच्या तरुणांस डोंगरचा वारा ठाऊक, समुद्राचा नाहीं. केळव्याच्या किनाऱ्यावर त्यांच्यासह आम्हीं मुक्काम केला, तेव्हां घरच्या संवयीप्रमाणें मेखा ठोकूं दिल्या. तिसऱ्या प्रहरीं त्या कोरड्या वाळूंतून एकेक निघाल्या, व तंबू आंत निजलेल्या मुलांवर पडला. इजा झाली नाहीं. पण चूक आमची होती.

दिवसा जमीन पाण्याहून लवकर तापते, तिजवरील हवा वर चढते, आणि तिच्या जागीं समुद्रावरून खारे वारे येतात. दुपारीं त्यांचा जोर फार. रात्रीं जमीन आधीं निवते, व मतलई वारे उलट वाहतात. म्हणून तंबूचें तोंड समुद्राकडे नसावें. मेखेऐवजीं वाळूनें भरलेलें पोतें हातभर खोल पुरून त्यास तणावा बांधावा. सुरूच्या बनाआड वारा मंदावतो, तरी वाळक्या फांदीखालीं निजूं नये.

भरतीची वेळ रोज सुमारें 50 मिनिटें पुढें सरते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचें पाणी अधिक वर चढतें. शिंपल्यांची व कचऱ्याची वरची रेघ पाहून तिच्याही बरेंच वर बिऱ्हाड करावें. आमचें खालीं होतें. दिवेलागणीस मुलांनींच तें उचलून बनाशीं नेलें.