कॉम्प्रमाइज म्हणजे पडतं घेणं?

प्रश्न : धुऱ्यावरून भावाशी दिवाणी दावा चालू आहे. वकील म्हणतात, लोकअदालतीत 'कॉम्प्रमाइज' करून टाका. हा शब्दच मला खटकतो. पडतं मीच का घ्यायचं?
– एक शेतकरी, ता. चिखली, जि. बुलडाणा

उत्तर : तुमचा राग समजतो. बोलण्यात हा शब्द बदनामच आहे. 'तत्त्वांशी कॉम्प्रमाइज' म्हटलं की कमीपणा आला, आणि पासवर्ड 'कॉम्प्रमाइज' झाला म्हणजे परक्याच्या हाती लागला. कोर्टातला अर्थ मात्र वेगळा. शब्द मूळचा लॅटिन, 'मिळून वचन देणं' असा. पंच जो निवाडा देतील तो दोघांनी मानायचा. गावच्या पारावर आपले आजे-पणजे हेच करत. मराठीत म्हणा तडजोड.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 23, नियम 3 प्रमाणे ती कायदेशीर आणि लेखी हवी, दोघांच्या सह्यांची हवी. 'वाद आपसात मिटला' एवढ्यावर सही करू नका, हे मी कळकळीनं सांगतो. गट नंबर, धुरा कोणत्या दगडापासून कोणत्या बाभळीपर्यंत, मोजणीचा खर्च कोणाचा, बैलगाडीची वाट कुठून, सगळं तडजोडनाम्यात उतरवा. कारण 1987 च्या कायद्यानं लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो, त्यावर अपील नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते. मन मानत नसेल तर सरळ नाही म्हणा. दावा पुन्हा कोर्टात चालतो.