एआयच्या मदतीनं मराठी ब्लॉग : खर्च किती, वाचक कसे येतील, फसगत कुठे होते

अमरावती-अकोल्यात बसून मराठी ब्लॉग चालवायला वर्षाला साधारण हजार-बाराशे रुपये पुरतात, तेही स्वतःच्या नावाचा पत्ता, म्हणजे डोमेन, घेतलं तर. ‘महिन्याला पाच हजार द्या, एआयनं रोज दहा लेख टाकतो आणि गूगलच्या पहिल्या पानावर आणतो,’ असं कुणी सांगत असेल तर पैसे देऊ नका. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. रोजच्या दहा लेखांनी तर उलट नुकसान होतं. मार्च २०२४ पासून गूगलच्या नियमांत, केवळ शोधात वर यावं म्हणून ढिगानं पाडलेला निरुपयोगी मजकूर स्पॅम धरला जातो, मग तो माणसानं लिहिलेला असो की यंत्रानं. एआय वापरायला मात्र बंदी नाही. तेही गूगलनं फेब्रुवारी २०२३ मध्येच स्पष्ट केलं आहे.

सुरुवात गूगलच्या ‘ब्लॉगर’ या सेवेवर करा. जीमेलचं खातं पुरतं, पैसे लागत नाहीत, कागदपत्रं लागत नाहीत, अर्ध्या तासात काम होतं. डोमेन घ्यायचं तर ‘डॉट इन’ किंवा ‘डॉट कॉम’ बघा. पहिल्या वर्षाचा ९९ किंवा १९९ रुपयांचा भाव पाहून हुरळू नका. नूतनीकरणाचा दर विचारा, तो बहुधा सहाशे ते बाराशेच्या घरात असतो आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पैसे भरण्याआधी टोपली नीट तपासा : ईमेल सेवा, सुरक्षा पॅक, वेबसाइट बिल्डर यांपैकी काही आधीच टिक केलेलं असतं. न विचारता टोपलीत वस्तू टाकणं नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार गैर आहे, तरी टिक तुम्हालाच काढावी लागते. मुदत संपून आठवडे उलटले तर तेच डोमेन सोडवायला काही हजार रुपये मागतात. त्यामुळे नूतनीकरणाची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

वेगळं होस्टिंग, म्हणजे ब्लॉग ठेवायची भाड्याची जागा, पहिल्या वर्षी घेऊच नका. महिन्याला शंभराच्या आत दिसणारा दर बहुतेक वेळा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरणाऱ्यासाठी असतो, आणि मुदत संपल्यावर तो दुप्पट-तिप्पट होतो. पुढे घेतलंत तर एसएसएलसाठी, म्हणजे सुरक्षित जोडणीच्या प्रमाणपत्रासाठी, वेगळे पैसे देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट मिळतं. ‘महागडी थीम फुकट’ देणाऱ्यापासूनही लांब राहा, तिच्यात व्हायरस येऊ शकतो.

एआयची फुकट आवृत्ती आठवड्याला दोन-तीन लेखांना पुरते. चॅटजीपीटीची ‘गो’ योजना ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात महिना ३९९ रुपयांना आली. मोबाइल कंपन्यांच्या रिचार्जबरोबरही अशा सेवा काही काळ फुकट मिळतात. फुकट काळ संपला की खात्यातून आपोआप पैसे कापले जाऊ शकतात, इथं जपा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कपातीची सूचना २४ तास आधी यावी लागते. तो संदेश वाचा, आणि नको असेल तर यूपीआय ॲपमधल्या ‘ऑटोपे’मध्ये जाऊन परवानगी रद्द करा.

आता वाचकांचं. एआयला ‘संत्र्यावर लेख लिही’ म्हटलं की तो संत्री हे लिंबूवर्गीय फळ आहे इथून सुरू करतो. वरुड-मोर्शीच्या बागाईतदाराला हे कशाला हवं? ऑगस्ट-सप्टेंबरात आंबिया बहाराची फळं गळू लागतात तेव्हा तो ‘संत्रा फळगळ उपाय’ शोधतो, आणि उत्तर त्याला पहिल्या दोन ओळींत हवं असतं. म्हणून एका लेखात एकच प्रश्न घ्या. उत्तर आधी, तपशील मागून. मुद्द्यांचा आराखडा, उपशीर्षकं, शुद्धलेखन ही कामं एआयला द्या. भाव, तारीख, फोटो, प्रत्यक्ष विचारून आणलेली माहिती ही तुमची.

विषय निवडताना बाजारभावाच्या मागे लागू नका. अकोल्याची तूर, अकोटचा कापूस यांचे रोजचे भाव पणन मंडळ आणि मोठी वृत्तपत्रं देतात, तिथं नवा ब्लॉग टिकत नाही. मोठ्यांना ज्यात रस नाही ते धरा. परतवाड्याहून चिखलदऱ्याला शेवटची एसटी किती वाजता, नरनाळा किल्ल्यावर जायला परवानगी कुठं आणि शुल्क किती, अमरावती विद्यापीठातून दुय्यम गुणपत्रिका काढायला कोणती खिडकी आणि किती दिवस. डेपोत, वनखात्याच्या नाक्यावर, विद्यापीठाच्या खिडकीवर स्वतः जाऊन विचारा, फलकाचा फोटो काढा, लेखात विचारल्याची तारीख टाका. असा एक लेख यंत्रानं पाडलेल्या पन्नास लेखांना भारी पडतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. फवारणीचं औषध आणि त्याचं प्रमाण एआयकडून घेऊन कधीही छापू नका. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. एआय चुकीचं प्रमाणही तितक्याच ठामपणे सांगतो आणि वाचणारा तेच पंपात ओततो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिफारस किंवा घातखेड, दुर्गापूरसारख्या कृषी विज्ञान केंद्रांतल्या तज्ज्ञाचं उत्तर हाती असेल तरच लिहा, आणि माहिती कुठून घेतली तेही लिहा. औषधोपचार आणि सरकारी योजनांच्या अटींनाही हाच नियम लावा.

लेख तयार झाला की तांत्रिक कामं तीन. ब्लॉगरवर शीर्षक पूर्ण देवनागरीत असेल तर लेखाचा पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एखादा आकडा असा बनतो. प्रकाशित करण्याआधी ‘कस्टम परमालिंक’मध्ये रोमन लिपीत तीन-चार शब्द टाका. जुने लेख श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर ते युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर गूगलला ते मराठी म्हणून वाचताच येत नाहीत. बदलणारी साधनं फुकट आहेत, डीटीपीवाल्याकडून करून घेतलंत तर पानाचा दर आधी ठरवा आणि जोडाक्षरं तपासा. तिसरं काम, गूगल सर्च कन्सोलमध्ये ब्लॉग जोडा. तेही फुकट.

सर्च कन्सोल महिन्यातून एकदा नीट बघा. एखादा लेख शोधात बऱ्याचदा दिसतो पण कुणी उघडत नाही, तर शीर्षक बदला. लोक जे शब्द टाकून आले ते तिथं दिसतात, त्या प्रश्नाचं उत्तर लेखात नसेल तर घाला. एकाच विषयावरचे तीन अर्धवट लेख असतील तर एक पूर्ण करा. एआयनं पाडलेले निरुपयोगी लेख काढून टाका. नवा लेख गूगलमध्ये दिसायला काही दिवस ते काही आठवडे लागतात, बदलांचा परिणाम कळायला काही महिने. तोवर गावच्या, तालुक्याच्या व्हॉट्सॲप गटांत दुवा पाठवा. सुरुवातीचे वाचक तिथूनच येतात.

जाहिरातींच्या पैशासाठी गूगलचं ॲडसेन्स. अर्ज फुकट, वय १८ पूर्ण हवं. नाव बँक खात्यावर आहे अगदी तसंच द्या. ओळखीसाठी पॅनसारखा कागद मागतात. कमाई १० डॉलरला पोचली की पत्ता पडताळण्यासाठी पिनचं पत्र साध्या टपालानं येतं, त्याला दोन ते चार आठवडे धरा. खेड्यात राहत असाल तर मुक्काम, पोस्ट, तालुका, पिनकोड पूर्ण लिहा आणि पोस्टमनला सांगून ठेवा. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. बँकेकडून स्विफ्ट कोड घ्या आणि परदेशी रकमेवर शाखा किती शुल्क कापते ते आधी विचारा. ‘मंजूर झालेलं ॲडसेन्स खातं’ विकत घेऊ नका, खातं दुसऱ्याच्या नावावर करताच येत नाही.

तरीही एजंटाला काम द्यायचंच असेल तर डोमेन तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइलवर नोंदवून घ्या. ते त्याच्या नावावर राहिलं तर उद्या ब्लॉगही त्याचाच. सगळे पासवर्ड, लेखी दरपत्रक आणि जीएसटीचं बिल घ्या. वर्षाचे पैसे एकदम देऊ नका. ‘हजार बॅकलिंक’, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आपल्याकडे येणारे दुवे, विकत घेणं गूगलच्या नियमांविरुद्ध आहे, त्याला नकार द्या.

फसगत झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, पैसे ऑनलाइन लुबाडले असतील तर लगेच सायबर हेल्पलाइन १९३०. उपजीविकेसाठी स्वतः ब्लॉग चालवत असाल तर तुम्ही कायद्यानं ग्राहक आहात. एजंट पुण्या-मुंबईचा असला तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या, म्हणजे अमरावती किंवा अकोल्याच्या, ग्राहक आयोगात करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.