इन्सुलिनची ‘सवय’ लागत नाही

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलीला टाइप वन मधुमेह आहे. इन्सुलिनची सवय लागते, झाडपाल्याने बरं होईल, असं नातेवाईक सांगतात. पावसाळ्यात इथे वीज फार जाते. इन्सुलिन टिकवायचं कसं? – एक आई, मुरूड

उत्तर : ताई, तिच्या शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही, मग सवय कसली? गोड खाऊन हा आजार होत नाही, तेव्हा स्वतःला दोष देऊ नका. झाडपाल्याच्या भरवशावर इन्सुलिन एक दिवसही बंद करू नका. उलट्या, पोटदुखी, धाप असं काही दिसलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

वापरातली बाटली ३० अंशांखाली साधारण ४ आठवडे टिकते. वीज गेली की बंद बाटल्या घट्ट झाकणाच्या डब्यात घालून ओल्या मडक्यात ठेवा. मासळीच्या बर्फात मात्र खुपसू नका. गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं.

अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवून मोफत इन्सुलिनची चौकशी करा. बालतज्ज्ञांचा सल्ला हवा असेल तर मुंबईत परळचं वाडिया रुग्णालय आहे. पावसाळ्यात मांडव्याहून मुंबईला जाणाऱ्या लाँच बंद असतात, म्हणून मे महिन्यातच जाऊन या. साखर अचानक उतरली तर हाताशी असावी म्हणून शाळेत बाईंकडे ग्लुकोजची पुडी देऊन ठेवा.