जुना हिशेब प्रोग्रॅम आणि नवी यंत्रे : जोडणी कशी करावी?



उसाची नोंद, तोडणी चिठ्ठी, काट्यावरचे वजन, पंधरवड्याचे बिल, सोसायटीची कपात ही सारी कामे संगणकावर होऊ लागली त्याला पुष्कळ वर्षे झाली. त्या वेळचे प्रोग्रॅम आता जुने झाले आहेत. सहकारी संस्थांतून वापरलेल्या फॉक्सप्रोचेच पाहा. त्याची शेवटची आवृत्ती २००४ साली निघाली आणि जानेवारी २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीने तिची देखभाल थांबवली. दुसरीकडे शेतावरची नोंद मोबाईलवर आली, बिल थेट बँकेत जाऊ लागले. जुन्याची नव्याशी गाठ कशी घालायची, हे आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

जुने एकदम काढून का टाकत नाहीत?

पुष्कळ सभासद विचारतात, "जुनं टाका की भंगारात, नवं घ्या!" पण जुना प्रोग्रॅम म्हणजे नुसते यंत्र नव्हे. खोडव्याची नोंद कशी धरायची, कपातीत आधी कोणाचे देणे वळते करायचे, जळीत उसाचा हिशेब कसा करायचा, असे शेकडो नियम वर्षानुवर्षे त्यात भरत गेले. त्यांतले कित्येक कागदावर कोठेच नसतात. प्रोग्रॅम फेकला की नियमही गेले.

घाई केली की काय होते याचे उदाहरण ब्रिटनमधले आहे. तेथील टी.एस.बी. बँकेने एप्रिल २०१८ मध्ये आपली सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारी नव्या यंत्रणेवर नेली. नोंदी नीट पोचल्या, पण यंत्रणाच अडखळली. लोकांना आपलेच पैसे दिसेनात, काढता येईनात. कारभार पूर्वपदावर यायला डिसेंबर उजाडला. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून जास्त दंड झाला.

आपल्याकडे हे भर गाळपात झाले तर? ऊस पुरवल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. बिल अडले की सोसायटीचे कर्ज अडते, खताची उधारी अडते.

मग रीत कोणती?

जुन्या झाडाच्या बेचक्यात वडाचे रोप रुजते, हळूहळू मुळे जमिनीत सोडते आणि कालांतराने जुन्या झाडाची जागा घेते, हे आपण पाहतोच. संगणकतज्ज्ञ मार्टिन फाउलर यांनी २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या अशाच झाडावरून या रीतीला नाव दिले. तिचे टप्पे असे :

१. खिडकी ठेवणे. जुन्या प्रोग्रॅमच्या गोदामात कोणी थेट शिरायचे नाही. बाहेर एक खिडकी ठेवायची. सभासदाचा कोड नंबर दिला की आतून ठराविक माहिती मिळते. मोबाईल, वजनकाटा, बँक सर्वांनी त्याच खिडकीतून यायचे. संगणकाच्या भाषेत हिला ए.पी.आय. म्हणतात.

२. एकेक काम हलवणे. आधी काट्याचे वजन आपोआप नोंदले जाऊ द्यावे, म्हणजे हाताने आकडे लिहिण्यातल्या चुका टळतात. ते बसले की ऊस नोंद. बिल सर्वांत शेवटी.

३. ताळा घेणे. बंद हंगामात मागील हंगामाच्या सर्व काटा पावत्या नव्या प्रोग्रॅमला द्याव्यात आणि जुन्या बिलांशी ताळा घ्यावा. समजा, दोन खेपा १२.३४५ व ११.६७८ टनांच्या आणि दर ३,१५० रुपये. प्रत्येक खेप रुपयात पूर्ण केली तर होतात ७५,६७३ रुपये; बेरीज करून शेवटी पूर्ण केली तर ७५,६७२. फरक एका रुपयाचा, पण कारण सापडेपर्यंत पुढे जायचे नाही. तो रुपयाच लपलेला नियम दाखवतो.

४. दोन्ही चालू ठेवणे. हंगामातही काही पंधरवडे जुना व नवा हिशेब बरोबरीने करावा. दोन्ही सारखे आले की मगच जुना थांबवावा.

सभासदांनी काय करावे?

सर्वांत किचकट काम नावांचे. जुन्या मराठी नोंदी त्या काळच्या फाँटात आहेत. युनिकोडमध्ये आणताना रफार व जोडाक्षरे मोडतात. शिवाय 'ज्ञानेश्वर' हे नाव इंग्रजीत कोणी डी-एन-वाय लिहितो, कोणी जी-एन-वाय. कारखान्यात एक, बँकेत दुसरे, आधारला तिसरे! माणसाला ते एकच वाटते, यंत्राला तीन.

म्हणून आपले नाव, खाते क्रमांक, गट नंबर, उसाची जात, क्षेत्र आणि लागणीची तारीख गट ऑफिसमध्ये जाऊन एकदा वाचून पाहा. तारीख चुकली तर तोडीचा क्रम चुकतो. प्रत्येक काटा पावती बिल मिळेपर्यंत जपा.

जुन्या वहीतून नव्या वहीत शिल्लक ओढताना आपले वाडवडील शेजारी बसून आकडा मोठ्याने वाचायला लावत. वही बदलली, तरी ती सवय सोडू नये एवढेच आमचे सांगणे आहे.